अर्धस्वयंचलित रायफलींतील पुंगळी-उत्सर्जन

अर्धस्वयंचलित रायफलीतून गोळी सुटल्यानंतर काडतुसाची रिकामी पुंगळी बंदुकीबाहेर फेकली जाण्याच्या यांत्रिक क्रियेस पुंगळी-उत्सर्जन असे म्हणतात. जिचा चाप एकदा ओढल्यावर एकच गोळी सुटते, परंतु पुढचे काडतूस भरण्याचे काम जी स्वतःच करते, ती अर्धस्वयंचलित रायफल होय. पुढचे काडतूस भरण्यासाठी आधीच्या काडतुसाची जागा मोकळी व्हावी लागते. त्यामुळे पुंगळी वेळेवर आणि पुरेशा वेगाने बाहेर पडली नाही, तर रायफल तेथेच अडते. चांदमारीच्या मैदानावर नेमबाजाच्या उजव्या हाताला पडणारा पितळी पुंगळ्यांचा सडा ही या क्रियेची दृश्य खूण आहे. पुंगळी कोठे पडते आणि तिच्यावर कोणते ओरखडे उमटतात, यावरून रायफलीची अवस्था पुष्कळशी कळू शकते.

ऑलिंपिकमधील ५० मीटर प्रकारात दिसणाऱ्या रायफली या वर्गात मोडत नाहीत. त्यांत प्रत्येक काडतूस हाताने भरावे लागते आणि बोल्ट हाताने मागे ओढूनच पुंगळी काढावी लागते. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल तीन स्थिती प्रकारात कांस्यपदक मिळवले, ते अशाच रायफलीवर. राष्ट्रीय छात्रसेनेच्या (एनसीसी) छात्रांना सरावासाठी मिळणारी पॉइंट टू-टू रायफलही बोल्ट हाताने चालवण्याचीच असते.

पुंगळीचे कार्य

काडतुसाचे चार भाग असतात: गोळी, धूररहित दारू, दारू पेटवणारा प्रायमर आणि या तिघांना एकत्र धरून ठेवणारी पुंगळी. पुंगळी बहुधा सुमारे ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असलेल्या पितळेची असते. पितळेची निवड केवळ गंज टाळण्यासाठी झालेली नाही. दारू पेटताच नळीच्या मागील भागात, म्हणजे चेंबरमध्ये, वातावरणाच्या सुमारे ४,००० पट दाब निर्माण होतो. या दाबाने पुंगळी फुगते, चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि तप्त वायूला मागे नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येऊ देत नाही. दाब उतरला की पितळ आपल्या लवचीकपणामुळे किंचित आकसते आणि भिंतीपासून सुटते. हे आकसणे मिलिमीटरच्या अंशाइतकेच असते, परंतु ते झाले नाही तर पुंगळी ओढून काढणे कठीण होते. पोलादाची पुंगळी पितळेइतकी आकसत नाही. सोव्हिएत बनावटीच्या ७.६२ × ३९ मिमी काडतुसाच्या पुंगळ्या मोठ्या प्रमाणावर पोलादी असतात. त्या काडतुसाला टोकाकडे स्पष्ट निमुळता आकार दिलेला असल्याने जरासे मागे सरकताच ते भिंतीपासून मोकळे होते.

पुंगळीचे आणखी एक काम सहसा ध्यानात येत नाही, ते म्हणजे उष्णता बाहेर नेणे. दारूच्या ज्वलनातील उष्णतेचा काही भाग पितळ शोषून घेते आणि उत्सर्जनाबरोबर ती उष्णता बंदुकीबाहेर जाते. जर्मनीतील हेक्लर अँड कॉख कंपनीने पुंगळीविरहित काडतुसाची जी-११ ही रायफल विकसित केली, तेव्हा चेंबरच्या उष्णतेने काडतूस आपोआप पेटण्याची अडचण तिच्या अभियंत्यांपुढे उभी राहिली होती.

क्रियेचा क्रम

भारतीय वाचकाला परिचित उदाहरण १ए१ सेल्फ-लोडिंग रायफलीचे, म्हणजेच एसएलआरचे आहे. १९६२ च्या भारत-चीन युद्धात भारतीय जवानांच्या हाती प्रामुख्याने थ्री-नॉट-थ्री ली-एनफिल्ड रायफल होती आणि तिच्यात प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने ओढावा लागे. त्यानंतर बेल्जियमच्या एफएन कंपनीच्या एफएएल रायफलीवर आधारलेली एसएलआर पश्चिम बंगालमधील ईशापूर येथील कारखान्यात बनू लागली. ती ७.६२ × ५१ मिमी काडतूस वापरते. या काडतुसाच्या एकूण वजनापैकी जवळजवळ निम्मे वजन पुंगळीचेच असते.

चाप ओढल्यानंतर गोळी नळीतून बाहेर पडण्यास सुमारे एक सहस्रांश सेकंद लागतो. एवढा वेळ बोल्ट चेंबरमागे कुलूपबंद राहणे अत्यावश्यक असते. दाब पूर्ण असताना बोल्ट उघडला, तर आधार गमावलेली पुंगळी फाटू शकते. गोळी नळीतील एका लहान छिद्रापुढून सरकते, तेव्हा थोडा वायू त्या छिद्रातून वर जाऊन दट्ट्याला मागे ढकलतो. दट्ट्या बोल्टच्या वाहकावर आघात करतो. वाहक प्रथम काही मिलिमीटर रिकामाच सरकतो आणि तेवढ्यात गोळी बाहेर पडून दाब उतरतो. मग वाहक बोल्टचा मागील भाग वर उचलून कुलूप सोडवतो आणि बोल्टला मागे नेतो.

येथून पुढे दोन वेगळ्या क्रिया घडतात. बोलण्यात त्यांची नेहमी सरमिसळ होते. पहिली निष्कर्षण, म्हणजे पुंगळी चेंबरमधून ओढून काढणे. बोल्टच्या तोंडाशी असलेला स्प्रिंगचा आकडा, ज्याला एक्स्ट्रॅक्टर म्हणतात, पुंगळीच्या बुडाजवळील खाचेत अडकलेला असतो व तो तिला मागे खेचतो. दुसरी क्रिया उत्सर्जन. मागे येणाऱ्या पुंगळीच्या बुडाच्या दुसऱ्या बाजूस इजेक्टर नावाचा भाग अडसर घालतो. एका बाजूने आकड्याने धरलेली आणि दुसऱ्या बाजूने अडलेली पुंगळी आकड्याभोवती गर्रकन वळते आणि उजवीकडील खिडकीतून बाहेर भिरकावली जाते. त्यानंतर दाबलेली स्प्रिंग बोल्टला पुढे लोटते आणि बोल्ट मॅगझिनमधील वरचे काडतूस चेंबरमध्ये सारतो. हे सारे डोळ्याला एकच झटका वाटावा इतक्या वेगाने घडते.

इजेक्टरचे दोन प्रकार

एसएलआर, एसकेएस आणि कलाश्निकोव्ह कुळातील रायफलींत इजेक्टर बंदुकीच्या सांगाड्याला पक्का जोडलेला असतो. बोल्टमधील खाच त्याच्यावरून सरकते आणि पुंगळी येऊन त्याच्यावर आदळते. अशा रचनेत फेकण्याचा जोर बोल्टच्या वेगावर अवलंबून असतो. बोल्ट हाताने हळूच ओढला, तर पुंगळी जवळच पडते. रचना साधी असून त्यात मोडण्यासारखे फारसे काही नसते, हा तिचा मोठा गुण होय.

दुसऱ्या प्रकारात इजेक्टर हा बोल्टच्या तोंडात बसवलेला स्प्रिंगचा छोटा खुंटा असतो. तो पुंगळीचे बूड सतत बाहेर रेटत असतो. पुंगळीचे तोंड खिडकीच्या पुढच्या कडेपासून मोकळे झाले, की ती तत्काळ उसळते. अमेरिकेच्या सैन्याने १९३६ मध्ये स्वीकारलेली जॉन गॅरंड यांची एम-१ रायफल आणि पुढील काळातील एआर-१५ या दोहोंत हीच योजना आहे. यात बोल्ट हळू ओढला तरी पुंगळी बाहेर पडते, मात्र खुंट्याच्या भोकात पितळेचा कीस साचला तर स्प्रिंग अडकते. गॅरंड रायफलीत आठ काडतुसे धरणारी पोलादी पट्टीही शेवटच्या गोळीबरोबर टणत्कार करून बाहेर उडते. तो आवाज ऐकून शत्रू चाल करून येत असे, ही आख्यायिका बरीच प्रसिद्ध आहे. प्रत्यक्ष रणधुमाळीत तेवढा आवाज ओळखू येणे अवघड असते.

पडण्याची दिशा

नेमबाज लक्ष्याची दिशा घड्याळातील १२ मानून पुंगळीची दिशा सांगतात. एआर-१५ प्रकारच्या रायफलीची पुंगळी तीन ते साडेचारच्या दरम्यान पडणे सर्वसाधारणपणे योग्य समजले जाते. एक-दोनच्या दिशेने, म्हणजे पुढे उडणारी पुंगळी बोल्ट अतिवेगाने मागे येत असल्याचे सुचवते. पायाशीच पडणारी पुंगळी वायू अपुरा पडत असल्याचे सुचवते. हा आडाखा आहे, मापन नव्हे. इजेक्टरची स्प्रिंग झिजली तरी दिशा बदलते.

एसएलआरमध्ये यावर उपाय म्हणून वायुनियामक दिलेला आहे. जादा वायू बाहेर सोडणारे छिद्र आधी मोठे ठेवून गोळी झाडली जाते. मग ते टप्प्याटप्प्याने मिटवत पुंगळी नीट बाहेर पडू लागते ती जागा शोधतात आणि धूळ-मळाचा विचार करून छिद्र आणखी थोडे मिटवले जाते. गरजेपेक्षा अधिक वायू दिल्यास रायफल चालते खरी, पण धक्का वाढतो आणि भाग लवकर झिजतात.

डावखुऱ्या नेमबाजाला उजवीकडे उडणारी पुंगळी चेहऱ्यासमोरून जाताना दिसते. यासाठी एम-१६ए२ या आवृत्तीत खिडकीमागे एक उंचवटा ठेवण्यात आला. त्यावर आपटून पुंगळी दूर जाते. मॅगझिन चापाच्या मागे असलेल्या आखूड रायफलींत ही अडचण अधिक गंभीर होते, कारण खिडकी थेट गालाजवळ येते. ब्रिटनची एसए-८० रायफल याच कारणाने डाव्या खांद्यावरून चालवता येत नाही. ऑस्ट्रियाच्या ऑग रायफलीत बोल्ट व झाकण बदलून बाजू पालटता येते, तर बेल्जियमच्या एफ-२००० मध्ये पुंगळ्या एका नळकांड्यातून पुढे नेऊन सोडल्या जातात.

अडथळे

सर्वांत परिचित अडथळा म्हणजे अर्धवट बाहेर आलेली पुंगळी मिटणाऱ्या बोल्टमध्ये चिमटली जाऊन उभी राहणे. ती धुराड्यासारखी दिसते. कमजोर काडतूस, अपुरा वायू किंवा झिजलेला इजेक्टर ही त्याची नेहमीची कारणे असून तो सहज दूर करता येतो. पुंगळी चेंबरमध्येच अडकणे हा प्रकार याहून वाईट असतो. आकडा खाचेतून निसटतो किंवा पुंगळीची कडा फाडून रिकामाच मागे येतो, आणि पुढचे काडतूस अडकलेल्या पुंगळीवर जाऊन धडकते.

या दोषाने किती हानी होऊ शकते, याचे उदाहरण व्हिएतनाम युद्धातील एम-१६ रायफलीचे आहे. ही रायफल स्वयंचलितही चालते, परंतु तिची उत्सर्जनयंत्रणा एआर-१५ चीच आहे. काडतुसातील दारूचा प्रकार बदलण्यात आला होता, चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता आणि सैनिकांना सफाईचे साहित्य व शिक्षण पुरेसे मिळालेले नव्हते. दमट हवेत चेंबर गंजून खडबडीत होई व पुंगळ्या त्यात रुतून बसत. लढाई चालू असताना नळीच्या तोंडातून सळई घालून पुंगळी ठोकून काढण्याची वेळ सैनिकांवर आली. अमेरिकी काँग्रेसच्या आयकॉर्ड उपसमितीने १९६७ मध्ये याची चौकशी करून कठोर टीका केली. पुढे चेंबरला क्रोमचा मुलामा देण्यात आला आणि सफाईचे साहित्य पुरवण्यात आले.

जर्मन जी-३ रायफलीत व तिच्या अर्धस्वयंचलित नागरी आवृत्तीत वेगळा मार्ग अवलंबलेला आहे. तिचा बोल्ट दाब शिल्लक असतानाच मागे सरकू लागतो. म्हणून चेंबरच्या भिंतीत लांब उभ्या चरी पाडलेल्या असतात. त्यांतून वायू पुंगळीच्या बाहेरील बाजूस शिरतो आणि ती भिंतीला चिकटत नाही. या रायफलीच्या पुंगळीवर काळपट उभ्या रेघा उमटतात आणि ती अनेकदा चेपलेल्या अवस्थेत बरीच दूर जाऊन पडते.

चांदमारीवरील दक्षता

नुकतीच बाहेर पडलेली पुंगळी त्वचेला चटका देण्याइतकी गरम असते. ती सदऱ्याच्या गळ्यातून आत शिरली तर होणारी भाजणूक सहसा किरकोळ असते. खरा धोका त्यानंतरच्या हालचालीचा असतो. दचकलेला नेमबाज भरलेल्या रायफलीसह वळतो आणि नळीचे तोंड शेजाऱ्याकडे जाते. म्हणूनच चटका बसला तरी नळी लक्ष्याकडेच ठेवावी, अशी शिकवण सुरुवातीपासून दिली जाते. डोळ्यांवर संरक्षक चष्मा, पुढे झाप असलेली टोपी आणि बंद गळ्याचा पोशाख याच कारणासाठी सुचवला जातो. अर्धस्वयंचलित पिस्तुलांच्या २५ मीटर स्पर्धांत नेमबाजांच्या मध्ये पारदर्शक पडदे लावतात, त्यांचा हेतूही पुंगळ्या अडवण्याचाच असतो.

भारतीय लष्कर आणि पोलीस दलांत सराव संपल्यावर पुंगळ्या वेचून, मोजून परत जमा कराव्या लागतात. दिलेल्या काडतुसांशी त्यांचा हिशेब जुळावा लागतो, कारण न झाडलेले काडतूस मैदानाबाहेर जाऊ नये यावरील तो सर्वांत सोपा पहारा आहे. गवतात हरवलेल्या एका पुंगळीसाठी साऱ्या तुकडीला शोध घ्यावा लागणे, यात म्हणून नवल नाही.

पुरावा म्हणून महत्त्व

फायरिंग पिन, बोल्टचे तोंड, आकडा आणि इजेक्टर हे चारही भाग पितळेवर आपापली खूण ठेवतात. आकडा आणि इजेक्टर यांच्या खुणा परस्परांपासून कोणत्या कोनात आहेत, यावरून बंदुकीचा प्रकार ओळखण्यास मदत होते. सूक्ष्म ओरखड्यांची तुलना करून विशिष्ट बंदूक ओळखण्याचा प्रयत्न केला जातो. शिकागो येथे १९२९ मध्ये सेंट व्हॅलेंटाइन दिनी झालेल्या हत्याकांडाच्या तपासात कॅल्विन गॉडर्ड यांनी तुलनात्मक सूक्ष्मदर्शकाखाली गोळ्या व पुंगळ्या तपासल्यानंतर या शास्त्राला मोठी मान्यता मिळाली. महाराष्ट्रात असे परीक्षण न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत होते. तिचे मुख्यालय मुंबईत कलिना येथे आहे.

आकडा व इजेक्टर यांच्या खुणांना मात्र एक मर्यादा आहे. काडतूस न झाडता बोल्ट ओढून नुसतेच बाहेर काढले, तरी या दोन्ही खुणा उमटतात. गोळी झाडली गेली होती हे फायरिंग पिनच्या आणि बोल्टच्या तोंडाच्या ठशांवरून ठरवावे लागते. पुन्हा दारू भरून वापरलेल्या पुंगळीवर तर एकाहून अधिक बंदुकांच्या खुणा एकमेकींवर उमटलेल्या आढळतात.