चिऱ्याच्या भिंतीला कोणते ड्रिल? घरगुती विद्युत अवजारांची निवड

घरकामासाठी विद्युत अवजार घेताना बहुतेकांची नजर प्रथम खोक्यावरील वॉटच्या आकड्याकडे जाते. यंत्र किती वीज घेते, एवढेच तो आकडा सांगतो. ते किती वर्षे टिकेल हे त्यावरून कळत नाही. टिकाऊपणा ठरतो तो भिंत कशाची आहे आणि यंत्राचे झिजणारे भाग बदलून मिळतात की नाही, यावर.

गोव्यातील जुन्या घरांच्या भिंती चिऱ्याच्या, तर नव्या इमारतींचे खांब व तुळया काँक्रीटच्या. चिरा सच्छिद्र आणि तुलनेने मऊ. त्याला भोक पाडताना ड्रिलवरील हातोड्याचे चिन्ह असलेला खटका बंद ठेवावा. अन्यथा कडा ढासळून भोक रुंदावते आणि प्लग पकड घेत नाही. एवढ्या कामाला १३ मिलिमीटर चकचे, ५०० ते ६०० वॉटचे इम्पॅक्ट ड्रिल पुरते. काँक्रीटचे गणित निराळे. इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर आपटून ठोका देतात. हा ठोका हलका असल्याने काँक्रीटवर आपल्यालाच अंगचा जोर लावावा लागतो आणि त्या दाबाखाली मोटर तापते. रोटरी हॅमरमध्ये दट्ट्या हवेच्या दाबाने ठोके देतो. माणसाने यंत्र फक्त धरायचे. अशी कामे वारंवार निघत असतील तर एसडीएस प्लस पकडीचा लहान रोटरी हॅमर घ्यावा. वर्षाकाठी चार भोकांसाठी तो भाड्याने आणलेला बरा.

यंत्रातील कार्बन ब्रश झिजण्यासाठीच असतात. ते बाहेरून स्क्रू काढून बदलता आले, तर उत्तम. झिजलेल्या ब्रशवर यंत्र रेटत राहिल्यास ठिणग्या वाढून आर्मेचर खराब होते आणि स्वस्त यंत्राच्या बाबतीत ते बदलण्यापेक्षा नवे यंत्र घेणे परवडते. म्हणून सवलतीची चौकशी करण्याआधी त्या मॉडेलचे ब्रश, स्विच व आर्मेचर जवळपास कुठे मिळतात, हे दुकानदाराला विचारावे.

आपल्याकडे यंत्रे वापराने झिजतात त्याहून अधिक पावसाळ्यात पडून राहून बिघडतात. चक व बिटांना तेलाचा हलका हात द्यावा. लिथियम-आयन बॅटरी पूर्ण रिकामी ठेवू नये. साधारण अर्धी भरून, यंत्रातून काढून कोरड्या जागी ठेवावी.

ग्राइंडरच्या बाबतीत चकतीवर छापलेला कमाल वेग यंत्राच्या वेगाहून कमी नसावा. लहान ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेतात. संरक्षक कवच काढून त्यावर लाकूड कापण्याचे दातेरी पाते चढवण्याची जी रीत सर्रास दिसते, ती निव्वळ आत्मघातकी आहे.

यंत्राच्या पट्टीवर चौकोनात चौकोन हे चिन्ह असल्यास त्याला दुहेरी विद्युतरोधन आहे, असे समजावे. तसे चिन्ह नसलेले यंत्र तीन पिनांच्या, अर्थिंग असलेल्या जोडणीवरच चालवावे. जुन्या घरात ही जोडणी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे ना, हे आधी वायरमनकडून पाहून घ्यावे.