वैमानिकाची चूक

फराळाचे ताट समोर असताना विमानांच्या अपघातांचा इतिहास कशाला उगाळावयाचा, असे घरातले कोणी विचारील. विचारणाऱ्याचे अगदीच चुकते असे नाही. परंतु या इतिहासाच्या मध्यभागी यंत्र नाही, घर आहे. ज्या घरचा मुलगा परत आला नाही असे घर. म्हणूनच घराघरांतून वाचल्या जाणाऱ्या अंकात तो सांगावा असे मला वाटले.

मी राहतो ते वरोरा काही विमानांचे गाव नव्हे. आमच्याकडे आहे तो कोळसा, आगगाडी आणि पूर्वेला दूरवर पसरलेले जंगल. तरीही आकाशातून सरळ खाली उतरणाऱ्या यंत्राचे मोल आमच्या मुलखाला शिकवावे लागत नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत गडचिरोलीच्या दुर्गम केंद्रांवर मतदानाची पथके हेलिकॉप्टरने पोचवावी लागली. हेलिकॉप्टरला धावपट्टी नको, पण त्याचा वेग बेताचा. विमानाला वेग आहे, पण धावपट्टीवाचून त्याचे चालत नाही. या दोघांचा संसार एकाच यंत्रात थाटावा, ही अमेरिकन सैन्याची फार दिवसांची हौस. तिच्यातून ‘ऑस्प्रे’ जन्मले. पंखांच्या दोन टोकांना दोन प्रचंड फिरते पंखे. ते वर वळवले की हेलिकॉप्टर, पुढे वळवले की विमान. त्याचे पहिले उड्डाण १९८९ मध्ये झाले.

हौसेची किंमत भारी पडली. १९९२ मध्ये ७ माणसे गेली. ८ एप्रिल २००० रोजी अ‍ॅरिझोनातील मराना येथे १९ गेली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात आणखी ४. मरानाचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पुढे जाण्याचा वेग कमी असताना यंत्र फार झपाट्याने खाली येऊ लागले, तर फिरता पंखा स्वतःच खाली लोटलेल्या हवेच्या भोवऱ्यात सापडतो आणि त्याचे बळ नाहीसे होते. हा धोका हेलिकॉप्टरलाही असतो. पण ऑस्प्रेचे पंखे दोन बाजूंना; एकाचे बळ आधी गेले की सारे यंत्र त्या कुशीवर उलटते. अशा उतरण्याच्या चाचण्या पुरत्या झालेल्या नव्हत्या. तरीही लष्कराच्या निवेदनात बोट दाखवले गेले ते काम तडीस नेण्याच्या वैमानिकांच्या उत्साहाकडे. दोघेही वैमानिक त्याच अपघातात मेले होते. उत्तर कोण देणार?

उत्तर दिले ते त्यांच्या घरच्यांनी. एका वैमानिकाच्या पत्नीने आणि तिच्या पाठीशी उभे राहिलेले लोकप्रतिनिधी वॉल्टर जोन्स यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. अखेर २०१६ मध्ये संरक्षण उपमंत्री रॉबर्ट वर्क यांनी, त्या वैमानिकांवर ठपका ठेवणे बरोबर नव्हते, असे लेखी कबूल केले. चार शब्द पुसावयास सोळा वर्षे लागली!

आपल्याकडे ऑस्प्रे नाही. पण हीच कथा आपल्याकडे दुसऱ्या लढाऊ विमानाच्या रूपाने घडली, आणि तिचे धागे थेट महाराष्ट्रात येतात. मिग-२१ हे रशियन बनावटीचे विमान १९६३ मध्ये आपल्या हवाई दलात आले. नाशिकजवळ ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ मध्ये उभा राहिला तो या विमानासाठीच. १९७१ च्या युद्धात ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर याच विमानांनी अचूक मारा केला, तेव्हा देशाने त्यांना डोक्यावर घेतले. पुढे त्याच विमानाला लोक ‘उडती शवपेटी’ म्हणू लागले. २०१२ मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत आकडे सांगितले. सर्व प्रकारची मिळून ८७२ मिग विमाने घेतली, त्यांपैकी ४८२ अपघातात सापडली आणि १७१ वैमानिक गेले. विमानांखालच्या जमिनीवर असलेले ३९ नागरिकही गेले.

१७ सप्टेंबर २००१ च्या रात्री राजस्थानात सुरतगड येथे फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ यांचे मिग-२१ कोसळले. चौकशीने दोष वैमानिकाकडे दिला. कविता आणि अनिल गाडगीळ या आईवडिलांना ते पटले नाही. त्यांनी रडून गप्प बसण्याऐवजी प्रश्न विचारले, अभिजितच्या नावाने हवाई सुरक्षेसाठी संस्था काढली, आणि मिगचा प्रश्न घरोघरच्या बोलण्यात आणला. तो इतका गाजला की २००३ मध्ये संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस स्वतः मिग-२१ मध्ये बसून उडाले. मंत्र्याचे धाडस वाखाणण्याजोगे खरे. परंतु एका फेरीने हिशेब पुरा होत नाही.

हिशेब निराळाच होता. मिग-२१ ला एकच इंजिन, आणि जमिनीवर टेकतानाही ताशी तीनशे किलोमीटरांहून अधिक वेग. ‘किरण’सारख्या संथ विमानावर शिकलेला विशीतला मुलगा एकदम या वाऱ्यावर स्वार होई. मधली पायरीच नव्हती. ती हवी, असे १९८२ मध्ये नेमलेल्या ला फॉन्टेन समितीने सांगितले होते. प्रगत प्रशिक्षणाच्या ‘हॉक’ विमानांचा करार २००४ मध्ये झाला आणि ती दाखल झाली २००८ मध्ये. मधल्या काळात जी मुले चुकली, त्यांची चूक त्यांची एकट्याची कशी म्हणावी?

मिगलाही अन्याय करू नये. पुष्कळ वर्षे, पुष्कळ उडालेल्या विमानाचे अपघात पुष्कळ दिसणारच. म्हणून जाणकार दर लाख तासांच्या उड्डाणामागे किती अपघात झाले, हे मोजतात. ऑस्प्रेचे पाठीराखेही हेच माप पुढे करीत. पण ते माप किती अपघात झाले एवढेच सांगते, का झाले ते सांगत नाही. २०२२ मध्ये कॅलिफोर्नियात ऑस्प्रे पडून ५ जण गेले, तेव्हा चौकशीने दोष यंत्रातील क्लचचा आहे, वैमानिकांचा नाही, असे स्वच्छ म्हटले. हे वाचून मला मरानाच्या त्या घरांची आठवण झाली. पुढल्याच वर्षी जपानच्या समुद्रात ८ जण गेले आणि साऱ्या ऑस्प्रेंची उड्डाणे काही महिने थांबवावी लागली.

खाणीच्या मुलखात राहणाऱ्याला यात नवल वाटत नाही. छत कोसळले की ‘कामगार सावध नव्हता’ हे उत्तर सर्वांत स्वस्त असते. त्यात नवा टेकू घ्यावा लागत नाही. ‘वैमानिकाची चूक’ हे उत्तरही कधी खरे असते, परंतु तेथे चौकशी संपू नये. चूक का घडली, हा प्रश्न तेथून सुरू व्हावा.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ ने हवाई दलाचा निरोप घेतला. बासष्ट वर्षांची सेवा झाली. त्याच्या पराक्रमाचे पोवाडे गाइले जातील, आणि ते गाइलेच पाहिजेत. त्याबरोबर ज्या आईवडिलांनी आपल्या मुलाच्या नावावरचा डाग मुकाट्याने मान्य केला नाही, त्यांचेही स्मरण राहावे. पुढच्या मुलांना मधली पायरी मिळाली, तिच्यामागे अशा घरांचे प्रश्नही उभे होते.