जनगणनेतील वयांवरून काढलेली जन्मसाले

१. या प्रकरणात इंग्लंडमधील व्यक्तींच्या जन्मसालाआधी ‘अंदाजे’ असे लिहिले आहे, तिथे ते साल जनगणनेत नोंदवलेल्या वयावरून काढलेले आहे. गणनेच्या सालातून वय वजा केले की काम भागत नाही. गणनेची तारीखही पाहावी लागते. १८५१ची गणना ३० मार्चच्या रात्रीची. त्या दिवशी ४८ वर्षे पूर्ण असलेल्याचा जन्म ३१ मार्च १८०२ ते ३० मार्च १८०३ या काळातला ठरतो. नुसत्या वजाबाकीने १८०३ येते, पण या काळातले नऊ महिने १८०२चे आहेत. ६ जून १८४१च्या गणनेत तर पंधरा वर्षांवरील वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहिण्याची सूचना गणकांना होती. म्हणून तिथल्या ‘३५’चा अर्थ ३५ ते ३९ यांपैकी काहीही होऊ शकतो. काही गणकांनी मात्र नेमके वय लिहिले. दोन गणनांचा मेळ बसत नाही, तिथे बाप्तिस्म्याची नोंद आधाराला घेतली आहे. बाप्तिस्मा म्हणजे जन्मदिवस नव्हे, पण जन्म त्यानंतरचा नाही एवढे त्यावरून पक्के होते. ही साले उद्धृत करताना ‘अंदाजे’ हा शब्द कृपया गाळू नये. — संपादक