केळीची भरणी : कापणीहून अवघड काम

असोदा (ता. जळगाव) : केळी पिकविणे जितके कष्टाचे, तितकेच ती गाडीत भरणे जिकिरीचे. कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे जन्मगाव असलेल्या असोदा शिवारातील काळी जमीन पिकाला मानवते. मात्र जोराची सर आली की तिच्यात पिकअपचे चाक रुतते. मग गाडी रस्त्यावरच उभी राहते आणि प्रत्येक घड मजुरांना डोक्यावरून तिथवर न्यावा लागतो. घड २० किलोचा धरला, तरी टनाला ५० खेपा होतात.

खरी कसोटी हौद्यात लागते. तळाशी आणि फाळक्यांना केळीचाच पाला लावून घड रचतात. ते सैल राहिले तर खड्ड्यांत एकमेकांवर घासतात, दाबून भरले तर खालचे चेपतात. केळीच्या चिकाचे डाग धुऊन जात नाहीत, म्हणून भरणीचे कपडेही वेगळेच ठेवावे लागतात! माल कच्चाच तोडत असल्याने हिरव्या सालीवर मार सहसा दिसत नाही. पिकताना तो काळा होऊन उमटतो. तोवर गाडी कधीच रिकामी झालेली असते. दोष शेतातला, भरणीतला की रस्त्यातला, हा वाद मिटत नाही.

निर्यातीसाठी फण्या सोडवून, धुऊन साधारण १३ किलोच्या खोक्यांत भरतात. त्यात मार वाचतो, पण मजुरी आणि खोक्यांचा खर्च वाढतो. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अनेक शेतरस्ते मात्र अजून कच्चेच आहेत.