कराची–मुंबई हवाई मार्ग

भारतीय उद्योगसंस्थेने चालविलेल्या नियमित विमान टपालसेवेचा आरंभ ज्या मार्गावर झाला, तो हवाई मार्ग. कराची व मुंबई येथील विमानतळांमधील सरळ अंतर सु. ८७५ किमी. आहे. हे अंतर अर्थातच कायम आहे. तथापि प्रत्यक्ष कापावे लागणारे अंतर व उड्डाणकाल यांत १९३२ पासून मोठे फेरफार झाले. आरंभीचे फेरफार विमानविद्येच्या प्रगतीमुळे, तर नंतरचे बहुतांशी राजकीय संबंधांमुळे झाले.

लंडनहून निघणारी ‘इंपीरियल एअरवेज’ची टपालसेवा १९२९ मध्ये कराचीपर्यंत आली. तेथून मुंबई व मद्रासकडील टपाल विमानाने पुढे न्यावे, अशी योजना नेव्हिल व्हिन्सेंट या माजी ब्रिटिश लष्करी वैमानिकाने मांडली आणि ती टाटा सन्सने स्वीकारली. शासनाने अर्थसाहाय्य दिले नाही. वाहून नेलेल्या टपालाच्या प्रमाणात मोबदला तेवढा मान्य केला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीच्या द्रीघ रोड विमानतळावरून सकाळी ६·३५ वाजता ‘पस मॉथ’ हे एक-एंजिनी विमान नेले. सोबत सु. २५ किग्रॅ. टपाल होते. अहमदाबादवरून जाणाऱ्या या मार्गाने अंतर सु. १५० किमी.नी वाढे, पण इंधन घेणे आवश्यक होते. तेथे पेट्रोलचे डबे बैलगाडीतून विमानापर्यंत आणण्यात आले. दुपारी १·५० वाजता विमान जुहूला उतरले. म्हणजे विश्रांतीसह सव्वासात तास लागले. तेथून पुढे बेल्लारीमार्गे मद्रासपर्यंतचे उड्डाण व्हिन्सेंट यांनी केले.

जुहूचे मैदान पावसाळ्यात निरुपयोगी होई. त्या महिन्यांत विमाने, वैमानिक व यंत्रज्ञ पुण्यास हलवीत आणि येरवड्याच्या तुरुंगालगतच्या मैदानाचा उपयोग करीत. अशा साधनांवर १९३३ या पहिल्या पूर्ण वर्षात सु. १०·७ टन टपाल व १५५ प्रवासी नेण्यात आले, ही गोष्ट उल्लेखनीय होय.

जेट विमानांनी हा प्रवास सु. दीड तासावर आणला. वेळापत्रकात मात्र जाण्यायेण्याच्या वेळांत एक तासाची तफावत दिसे. कारण १९५१ मध्ये पाकिस्तानने आपली प्रमाणवेळ भारतीय वेळेच्या अर्धा तास मागे ठेवली. ही तफावत घड्याळापुरतीच होती. खरा अडथळा १९७१ मध्ये आला. त्या वर्षी खंडित झालेले हवाई दळणवळण १९७६ मध्ये पुन्हा सुरू झाले. त्यामुळेच १९८२ मध्ये वयाच्या ७८ व्या वर्षी टाटा यांना ‘लेपर्ड मॉथ’ विमानातून आपले पहिले उड्डाण पुन्हा करून दाखविता आले. २००२ च्या आरंभापासून दोन वर्षे ही वाहतूक पुन्हा बंद होती. पुढे थेट सेवा थांबली आणि एप्रिल २०२५ मध्ये उभय देशांनी परस्परांच्या विमानांना आपले हवाई क्षेत्रच बंद केले. थेट सेवेच्या अभावी दुबईमार्गे जाणाऱ्या प्रवाशास सु. ३,१०० किमी. अंतर कापावे लागते आणि विमान बदलण्यातील खोळंबा धरता, १९३२ मधील सव्वासात तासांहून अधिक वेळ सहज लागू शकतो.