नळाचे पाणी आणि नगरीचा कारभार

आमच्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक अंकात पूर्वजांची चरित्रे, कुलवृत्तांत आणि दानशूर गृहस्थांचे गौरव यांस नेहमीच मानाचे स्थान मिळत आले आहे, आणि ते यथायोग्यच आहे. परंतु यंदा आम्ही वाचकांचे लक्ष अशा एका उपकारकर्त्याकडे वेधू इच्छितो, की ज्याचे तैलचित्र कोणत्याही सभागृहात नाही. तो उपकारकर्ता म्हणजे मुंबईच्या घरोघरी येणारा पाण्याचा नळ. लढाया आणि तह यांचा इतिहास आपण मुलांकडून पाठ करवून घेतो. पण ज्या नगरीत आपल्या कित्येक कुटुंबांच्या तीन-चार पिढ्या नांदल्या, तिचे पाणी कोठून आले, कोणाच्या ठरावाने आले आणि कोणापर्यंत पोचावयाचे राहिले, हे आपण मुलांस क्वचितच सांगतो. नगरपालिकेचा नित्याचा कारभार रुक्ष वाटतो खरा. तथापि त्याच रुक्ष कागदांत आपल्या सामाजिक जीवनाचा एक फार मोठा पालट दडलेला आहे, असे आमचे नम्र मत आहे.

जुन्या मुंबईचे पाणी म्हणजे विहिरी आणि तलाव. धोबी तलाव, गवालिया तलाव, कावसजी पटेल तलाव, दोन टाकी ही नावे आज केवळ रस्त्यांना व वस्त्यांना चिकटून उरली आहेत. तलाव केव्हाच बुजले. हे पाणी बहुतांशी धर्मादायाचे होते. कोणा शेटजींनी पुण्यार्थ विहीर खोदावी, कोणी तलावाची दुरुस्ती करून द्यावी आणि लोकांनी त्यांस दुवा द्यावा, अशी ती रीत होती. फ्रामजी कावसजी बनाजी या पारशी गृहस्थांचे नाव धोबी तलावास मिळाले, ते अशाच औदार्यामुळे. या दात्यांविषयी आम्हांस आदरच आहे. पण दानाचे पाणी दात्याच्या मर्जीचे असते, आणि ज्ञातीची विहीर ज्ञातीपुरती असते, हेही तितकेच खरे. शिवाय पावसाने दगा दिला की दाता आणि याचक दोघेही सारखेच हतबल. 1854 साली पाण्याचे असे दुर्भिक्ष झाले, की नावांतून आणि नुकत्याच सुरू झालेल्या आगगाडीतून पाणी आणून विहिरींत ओतावे लागले.

त्या संकटातून विहारची योजना पुढे आली. हेन्री कॉनिबिअर या अभियंत्याने मिठी नदीच्या खोऱ्यात बांध घालून तलाव करण्याची सूचना केली. 1856 साली काम सुरू झाले आणि 1860 साली विहारचे पाणी नळाने शहरात आले. मुंबईच्या इतिहासातील हा एक मोठाच दिवस. पुढे 1879 साली तुळशी, 1892 साली तानसा, 1957 च्या सुमारास वैतरणेवरील मोडक सागर, त्यानंतर ऊर्ध्व वैतरणा व भातसा, आणि 2014 साली मध्य वैतरणा, अशी ही साखळी लांबत गेली. तानसाचा बांध सुमारे पावणेदोन मैल लांबीचा आहे. मोडक सागर हे नाव नगर अभियंता मोडक यांच्यावरून पडले. नगरीच्या एका नोकराचे नाव जलाशयास मिळावे, ही गोष्ट आम्हांस विशेष समाधानाची वाटते. आज या सात जलाशयांतून नगरीस दररोज 385 कोटी लिटरांच्या आसपास पाणी मिळते, आणि त्याचा फार मोठा भाग कोणत्याही यंत्राने न ढकलता केवळ उताराने वाहत येतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पाणी आणणे हे अभियंत्याचे काम. पण ते कोणास, किती आणि कोणत्या दराने द्यावयाचे, हे ठरविणे हा कारभार. विहारचे पाणी आले तेव्हा सांडपाण्याचा निचरा करणारी पुरेशी गटारे शहरात नव्हती. पाणी आत आले आणि घाण बाहेर जाईना. एक सेवा दुसरीवाचून कशी पांगळी ठरते, याचा हा धडा होता. 1865 च्या कायद्याने नगरीचा कारभार एका आयुक्ताच्या हाती आला आणि आर्थर क्रॉफर्ड यांनी रस्ते, गटारे व मंडई यांची कामे धडाक्याने हाती घेतली. परंतु खर्चाचा मेळ राहिला नाही, आणि कर भरणाऱ्या नागरिकांत 1871 साली मोठा असंतोष माजला. त्याच वर्षी धोबी तलावाशेजारच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये तरुण फिरोजशहा मेहता यांनी आपले विचार मांडले. आयुक्ताचे पद नाहीसे करण्यात हित नाही, त्यावर लोकनियुक्त सभेचा अंकुश हवा, असे त्यांचे म्हणणे होते. जेथे एका दात्याचे पाणी होते, त्याच ठिकाणी आता नागरिकांच्या हक्काची भाषा सुरू झाली, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे.

1872 च्या कायद्याने 64 सभासदांची महापालिका स्थापन झाली आणि त्यांपैकी निम्मे सभासद करदात्यांनी निवडावयाचे ठरले. 1888 च्या कायद्याने या रचनेस पक्के रूप दिले. त्या कायद्याचे एक वैशिष्ट्य असे, की पालिकेने जे केलेच पाहिजे आणि जे ती करू शकते, अशा दोन याद्या त्यात वेगळ्या मांडल्या आहेत. पाणी, गटारे, झाडलोट, दिवाबत्ती, आग विझविणे, देवी टोचणे, प्राथमिक शाळा, रस्त्यांना नावे व घरांना क्रमांक देणे ही सर्व पहिल्या यादीतील कामे होत. ज्या गोष्टीसाठी पूर्वी दात्याच्या दारी जावे लागे, तीच गोष्ट आता नगरीचे कर्तव्य म्हणून कायद्यात लिहिली गेली. आमच्या मते धर्मादायाचे युग मागे पडून नागरिकत्वाचे युग सुरू झाले, ते या यादीपासून.

परंतु सत्य सांगावयाचे तर संपूर्ण सांगावे. त्याच कायद्यात पाणीपट्टीबरोबर 'हलालखोर कर' नावाचा एक कर होता. मैला वाहून नेण्याच्या सेवेचा तो कर. आणि हलालखोर हे ते काम पिढ्यान् पिढ्या ज्यांच्या माथी आले त्या लोकांचे नाव. म्हणजे नगरीने सेवा तर सार्वजनिक केली, पण ती सेवा करणारे हात एका जातीचेच ठेवले आणि करालाही त्यांचेच नाव दिले. कराचे नाव पुढे बदलले. हाताने मैला उचलण्याची प्रथा बंद करणारे कायदे मात्र 1993 व 2013 साली झाले. ज्ञातीच्या नावाने भरणाऱ्या आपल्यासारख्या संमेलनांतून या गोष्टीचा उच्चार व्हावयासच हवा.

मताधिकाराची कथाही अशीच. प्रारंभी ठराविक कर भरणाऱ्यांसच मत होते. 1922 साली दरमहा 10 रुपये वा अधिक भाडे देणाऱ्या भाडेकरूंस ते मिळाले. पण चाळीच्या एका खोलीत राहणाऱ्या गिरणी कामगाराचे भाडे बहुधा त्याहून कमी असे. तो नळावर रांगेत उभा राही, पण नळाच्या धोरणावर त्याचे मत कोणी विचारीत नसे. प्रौढ मताधिकाराने महापालिकेची निवडणूक झाली ती 1948 साली. विहारचे पाणी येऊन तोवर 88 वर्षे लोटली होती.

आता आम्ही वाचकांस मुंबईबाहेर नेतो. कारण पाण्याचा प्रश्न केवळ मुंबईचा नव्हता, आणि आपल्यापैकी बहुतेकांची मूळ घरे गावीच आहेत. गावोगावी जातवार पाणवठे होते. आमच्या वाडवडिलांनी बांधलेल्या विहिरींचा आपण अभिमान बाळगतो. पण त्या विहिरींच्या कट्ट्यापासून किती तहानलेल्यांस दूर ठेवले गेले, याचा हिशेब कोणत्याही कुलवृत्तांतात आढळत नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी 1868 साली पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. हेच जोतीराव पुढे 1876 ते 1882 या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. एका घराने जे केले ते सर्व सार्वजनिक पाणवठ्यांवर व्हावे, यासाठी मात्र आणखी पन्नासावर वर्षे जावी लागली. 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला, की सरकारी वा सार्वजनिक पैशाने चालणारे पाणवठे, धर्मशाळा, शाळा इत्यादी ठिकाणे अस्पृश्य वर्गांस खुली असावीत.

त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने 1924 साली चवदार तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला. ठराव झाला, पण कोणी तळ्यावर जाऊ शकले नाही. अखेर 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहस्रावधी अनुयायांसह तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर लोकांवर हल्ले झाले, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. हे तळे खाजगी मालकीचे आहे, असा दावा न्यायालयात गेला. त्याचा अंतिम निकाल अस्पृश्यांच्या बाजूने मुंबई उच्च न्यायालयात 17 मार्च 1937 रोजी लागला. ज्या पालिकेने ठराव केला, तिनेच तो फिरविला, हे आम्ही मुद्दाम सांगतो. नगरपालिका म्हणजे आकाशातून उतरलेली न्यायदेवता नव्हे. ती आपणच निवडलेल्या माणसांची सभा असते, आणि आपल्या मनात जेवढे धैर्य तेवढेच तिच्या ठरावात उतरते.

या दृष्टीने पाहता मुंबईच्या नळाने एक मोठे काम निमूटपणे केले. ज्या जलाशयाचे पाणी मलबार टेकडीवर चढते, त्याचेच परळच्या चाळीत येते. ते पाणी कोणाच्या पंक्तीचे हे पुसण्याची सोयच उरली नाही. जे उपदेशाने साधले नाही, ते पुष्कळ अंशी लोखंडी नळाने साधले. मात्र नळाने भेद पुरता मिटविला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. भेदाने आपले रूप पालटले. पूर्वी प्रश्न होता विहीर कोणाची. आज प्रश्न आहे जोडणी कोणाला. नव्या झोपडवस्त्यांतील रहिवाशांना घर अनधिकृत म्हणून पाणीही नाकारले जाई. 2014 च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला, की राहते घर अनधिकृत असले तरी तेवढ्यावरून माणसाला पाणी नाकारता येत नाही. त्यानंतर 2022 साली महापालिकेने 'सर्वांसाठी पाणी' हे धोरण जाहीर केले. आणि ज्या शहापूर तालुक्यातून नगरीचे पाणी येते, तेथील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, हेही विसरून चालणार नाही. ठराव आणि घागर यांतील अंतर महाडच्या तळ्याइतकेच आजही कापावयाचे आहे.

हे सर्व ज्ञातिसंस्थेच्या अंकात कशासाठी, असे कोणी विचारील. आमचे उत्तर साधे आहे. आपली संस्था विद्यार्थ्यांस शिष्यवृत्त्या देते, निराधारांस साहाय्य करते. हे कार्य वंदनीय आहे आणि ते वाढत जावे. पण ज्ञातीचे साहाय्य ज्ञातीपुरते, आणि नगरीची सेवा सर्वांसाठी. पहिल्याचा अभिमान बाळगताना दुसऱ्याची जबाबदारी आपण टाकून देता कामा नये. म्हणून आमची ज्ञातिबंधुभगिनींस दोन विनंत्या आहेत. आपल्या गावी पूर्वजांनी बांधलेली विहीर असेल तर तिचा गाळ काढावा, आणि ती सर्वांस खुली आहे असे तिच्या कट्ट्यावर स्वच्छ अक्षरांत लिहावे. आणि आपल्या प्रभागाच्या नगरसेवकास भेटताना केवळ आपल्या इमारतीच्या पाण्याविषयी न बोलता, शेजारच्या वस्तीच्या पाण्याविषयीही एक प्रश्न अवश्य विचारावा.

आमच्या पूर्वजांनी विहिरी बांधून पुण्य जोडले. त्या पुण्याची सीमा ज्ञातीच्या सीमेपलीकडे नेणे, एवढेच काम त्यांनी आमच्यासाठी शिल्लक ठेवले आहे, आणि ते आमच्या हातून घडावे.