सहीआधी हिशेब

1 ऑक्टोबर 2016 रोजी आमचं कामोठे पनवेल महापालिकेत गेलं. आता आमच्याकडे नगरसेवक, तुमच्याकडे सरपंच; पण प्रश्न एकच, लोकांचा पैसा कोण जपतं?

1958च्या ग्रामपंचायत कायद्यात पंचायतीच्या ठेक्यात हिस्सा असलेला सदस्य अपात्र ठरतो. पैसे काढायला सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक), दोघांच्या सह्या लागतात. 1993च्या घटनादुरुस्तीने बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, 2011 साली महाराष्ट्रात निम्म्या. खुर्ची मिळाली, मात्र रोकडवही वाचता येण्याची अट कुणालाच नाही.

पुण्याची यशदा संस्था पंचायत सदस्यांना प्रशिक्षण देते. तिथे नवऱ्याने नव्हे, निवडून आलेल्या बाईनेच बसावं. बचतगटात आपण रुपया न् रुपया जुळवतो. ग्रामसभेतही तसाच हिशेब मागू या. वाचल्याशिवाय सही नाही!